अकरा मिनिटं

मी वाशीमची. आमच्याकडे भरती म्हणजे पोलीस भरती,
पहाटे मैदानावर पोरं धावायची, छाती फुगवून मापं द्यायची.
समुद्राची भरती मला आधी भेटली ती आकड्यांच्या तक्त्यात,
ली-ऑन-सीला, मासे तळणाऱ्या दुकानावरच्या खोलीत,
जिथे माझ्या कीबोर्डलासुद्धा व्हिनेगरचा वास यायचा.

ॲप एकच, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं.
लिहायचं मात्र तीनदा.
पहिला फोन सोवळ्यातला.
बटणाची कडा अशी का, म्हणून दारातच अडवणार,
आठवडाभर ताटकळत ठेवणार,
वर पौंडामागे तीस पेन्स दक्षिणा.
दुसरा जत्रेतला. या, कसेही या!
शेकडो मापांचे पडदे; कुठल्याशा स्वस्त फोनवर
चंद्र चौकोनी दिसतो म्हणून
माझा एक अख्खा शुक्रवार गेला.
तिसरा नुसत्या रंगीत फरशांचा,
नुकतंच पुसून घेतल्यासारखा.
मला तोच आवडायचा. ऑफिसात हे मी बोलत नसे.

ड्युएन म्हणाला, एकदाच लिहू, तिन्हीकडे चालवू.
तसंही लिहिलं. तिन्हीकडे चाललं
आणि तिन्हीकडे परकं वाटलं,
भाड्याच्या सुटातल्या नवरदेवासारखं.
पुन्हा तीनदा लिहायला बसलो.

मग तिसऱ्याला ओहोटी लागली.
बँकेचं ॲप गेलं, टॅक्सीचं गेलं.
लोक नाहीत म्हणून ॲप नाहीत,
ॲप नाहीत म्हणून लोक नाहीत,
या दोन वाक्यांच्या मध्ये बोट घालायला जागा नव्हती.
आमचे आकडे: दोनशे बारा. एक्केचाळीस. तीन.
एका मार्चमध्ये, एक.

तो एक रोज पहाटे चारच्या सुमाराला ॲप उघडायचा.
हिलरीने विचारलं, एका माणसासाठी किती तास घालवतेस?
म्हटलं, काहीच नाही, आपोआप चालतं ते.
खोटं होतं. दर रविवारी
जुना लॅपटॉप काढून मी त्याची डागडुजी करायचे.

शेवटी तिसऱ्याचं दुकानच बंद व्हायची तारीख आली.
मी डिसेंबरपर्यंतच्या वेळा कागदावर छापल्या आणि निघाले.
चार वाजता उठणारा माणूस शोधायला
ली-मध्ये फार हिंडावं लागत नाही:
बंदरालगत कॉकल उकडणाऱ्यांच्या शेडी.
(कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्याच गं जवळजवळ,
असं रत्नागिरीच्या मैत्रिणीने मला फोनवर सांगितलं होतं.
मी एकटीच हसले होते.)

नॉर्मन पेग्लर. सत्तरीचा. हाताच्या भेगांत चिखल,
फोनच्या कोपऱ्याला इलेक्ट्रिशियनची काळी टेप.
चष्मा लावून त्याने कागद वाचला. म्हणाला,
अकरा मिनिटं चुकतंय हे.
तुमचे आकडे पिअरवरचे. आमच्या खाडीत
पाणी अकरा मिनिटं उशिरा पोचतं.
कधीपासून चुकतंय?
पहिल्या दिवसापासून.
मग कळवलं का नाही?
कशाला? मनात मिळवायचो.
बाई, कागद राहू दे. पेन्सिल आहे माझ्याकडे.

बाकीच्या दोन फोनांवर आमचे चौदा हजार लोक.
तारे देणारे, शेरे मारणारे,
अक्षरं बारीक आहेत, रंग डोळ्यांना खुपतो.
चार वर्षांत एकानेही अकरा मिनिटांचं नाव काढलं नव्हतं.

त्या रात्री खाडीचा वेगळा तक्ता केला,
दोन भाषांत, दोन ठिकाणी.
'काय बदललं' या रकान्यात
सगळे लिहितात तेच लिहिलं: किरकोळ दुरुस्त्या.
जत्रेतल्याने तासाभरात घेतलं.
सोवळ्यातल्याने परत पाठवलं, कारण कळवा म्हणून.

मग जुना लॅपटॉप काढून
तिसऱ्याचंही दुरुस्त केलं.
पाठवायला जागा नव्हती.
सेव्ह केलं.